दोन्ही टोकांचा ड्रायव्हर

वेलिनने भिंतीला पाठ लावून बापाचं तोंड झाकलं आणि हात वर करून माणसं मोजायला घेतली. झेक पाहुणे फलाटभर पांगले होते. कोणी इंजिनासमोर उभं राहून फोटो काढून घेत होतं, कोणी मुद्दाम धुरात तोंड घालून खोकत होतं आणि खोकून झाल्यावर हसत होतं. मोजणी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा तो भिंतीपासून हलला, तर जॅकेटला चिकटलेला कागद त्याच्याबरोबर निघून अर्धवट लोंबायला लागला. खळ अजून ओली होती.

काळ्या चौकटीचा तो कागद सेप्टेम्व्री स्टेशनच्या भिंतीवर पहाटेच कोणीतरी डकवला होता. वर रेल्वेची टोपी घातलेल्या त्रायकोचा, त्याच्या बापाचा, फोटो. खाली, आमचे मास्टर त्रायको यांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांच्या स्मरणार्थ, वगैरे. त्याच्याही खाली लिहिलं होतं, शोकाकुल मुलगा वेलिन आणि पेना.

आपलं नाव वाचून वेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो अंत्यविधीला गेला नव्हता. कबरीवर गेला नव्हता. शोकाकुल तर तो मुळीच नव्हता.

पेना तिकीट खिडकीपाशीच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, काळा रुमाल बांधलेली बाई, दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. त्याला येताना पाहून तिने पातेलं छातीशी धरलं.

"माझं नाव कोणाला विचारून छापलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं."

"सगळीकडे लावलेत हे?"

"प्रत्येक स्टेशनवर. त्याच्याबरोबरची माणसं होती ना, त्यांनी लावले." तिने टॉवेलाचं टोक जरा बाजूला केलं. आत उकडलेले गहू होते, वर साखर आणि अक्रोडाचा जाड थर. "वेलिन, आज चाळिसावा दिवस, आज त्याचा आत्मा इथून कायमचा जातो. एक चमचा खा आणि दोन शब्द म्हण. बाकी मी काही मागत नाही."

"मी कामावर आहे. आणि माझ्या ग्रुपच्या आसपास फिरकायचं नाही, सांगून ठेवतो."

"मी तिकीट काढलंय," पेना म्हणाली. "सहलीसकट."

मेलेल्याच्या नावाने गहू वाटायचे, आणि ज्याने घेतले त्याने "देव क्षमा करो" म्हणून तोंडात टाकायचे, एवढीच ही रीत. माणसं ते शब्द रामराम घालावा इतक्या सहज म्हणतात आणि तोंड पुसून कामाला लागतात. वेलिनच्या घशातून मात्र ते निघत नव्हते, आणि निघू नयेत असंच त्याला वाटत होतं. देवाला करायची तर त्याने खुशाल करावी क्षमा. आपण कशाला शिफारस करायची?

कारण साधं होतं. ही छोट्या रुळांची गाडी सेप्टेम्व्रीहून निघून डोंगर चढते, डोंगर उतरते आणि दोब्रिनिश्तेला जाऊन थांबते. त्रायकोने आयुष्यभर तीच चालवली. एक रात्र या टोकाला, एक रात्र त्या टोकाला. दोब्रिनिश्तेच्या टोकाला त्याचं घर होतं, बायको होती, वेलिन होता. सेप्टेम्व्रीच्या टोकाला नुसती झोपायची खोली होती. मग खोलीत पेना आली. वेलिन शाळेत होता तेव्हा एके दिवशी त्रायको गाडी घेऊन आला, घरी न येता शेडमध्येच झोपला, आणि सकाळी उलटा निघून गेला. त्यानंतर तो घराजवळून शेकडो वेळा गेला असेल. गाडीतूनच. जाताना दोन शिट्ट्या द्यायचा. वेलिनची आई ऐन उन्हाळ्यात उठून खिडकी लावून घ्यायची. ती गेली तेव्हा त्याने कंडक्टरच्या हाती पीचची पिशवी पाठवली होती. माणूस मेला आणि याने फळं पाठवली.

आणि नशिबाचा खेळ बघा, शिकूनसवरून, झेक देशात कारखान्यात राबून परत आलेल्या वेलिनला काम मिळालं ते याच गाडीवर. उन्हाळ्यात वाफेचं जुनं इंजिन जोडायचं, पाहुण्यांना खिडकीतून डोंगर दाखवायचे, बान्स्कोला उतरवून पिरिनच्या राष्ट्रीय उद्यानात फिरवून आणायचं. काम त्याला आवडायचंही. एकच गोष्ट नको व्हायची.

"मास्टर त्रायकोबद्दल नाही सांगितलंत?"

ती गोष्ट आजही झाली, आणि गाडी सुटून घाट लागायच्या आतच झाली. विचारणारा रादोस्लाव नावाचा प्लोव्दिवचा माणूस होता, निवृत्त, इंजिनवेडा, गळ्यात कॅमेरा आणि डोक्यात प्रत्येक इंजिनाचा नंबर. झेक पाहुण्यांच्या सहलीत दोन जागा उरल्या होत्या, त्यातली एक त्याने घेतली होती, आणि आता तो वेलिनच्या शेजारी येऊन बसला होता.

"वेळ मिळाला तर सांगेन," वेलिन म्हणाला.

"अहो, ती शिट्ट्यांची गोष्ट तरी सांगा यांना! मुलासाठी दोन शिट्ट्या द्यायचा. न चुकता. पावसात, बर्फात. कसला बाप असेल हो!"

"असेल."

"तुम्ही ऐकली नाही का कधी?"

"ऐकली," वेलिन म्हणाला. "बरीच वर्षं ऐकली."

रादोस्लावने त्याच्या छातीवरचा नावाचा बिल्ला पाहिला. मग खिडकीबाहेर पाहिलं. गाडी एका छोट्या स्टेशनात शिरत होती आणि भिंतीवर टोपीतला त्रायको होता.

"त्या कागदावर मुलाचं नाव वेलिन आहे. तुम्ही तर नव्हे?"

"वेलिन पैशाला पासरी आहेत आमच्याकडे."

पुढचं प्रत्येक स्टेशन असंच आलं. झेक पाहुण्यांमध्ये बोजेना नावाची एक गोल चेहऱ्याची, फार जिज्ञासू आजीबाई होती. तिने तिसऱ्या स्टेशनवर विचारलं की हा टोपीवाला उमेदवार कोणत्या पक्षाचा. वेलिनने सांगितलं की निवडणूक नाहीये, इथे माणूस गेला की असा कागद लावतात. बोजेना हळहळली. एवढ्या स्टेशनांवर लावला म्हणजे फारच लोकप्रिय असणार, म्हणाली. वेलिनने बोगद्यांची माहिती द्यायला सुरुवात केली.

पेना मागच्या डब्यात होती. त्या डब्यात इकडचीच माणसं होती, त्यामुळे तिचं काम झपाट्याने चाललं होतं. डब्यांमधलं दार उघडलं की वेलिनला ऐकू यायचं, कोणीतरी म्हणतंय, देव क्षमा करो, मग दुसरं, मग तिसरं. तो उठून दार लावायचा. कोणीतरी जाता-येता पुन्हा उघडायचं.

अव्रामोवोला गाडी थांबली ती थांबलीच. इंजिनाला पाणी भरून झालं, पाहुण्यांचे फोटो काढून झाले, दूध विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करून झाली, तरी शिट्टी होईना. वेलिन खाली उतरला. फलाटाच्या टोकाला इंजिनाचा ड्रायव्हर, फायरमन आणि निम्मा मागचा डबा पेनाभोवती गोळा झाला होता. ड्रायव्हरने टोपी काढली होती. तो त्रायकोच्या हाताखाली शिकलेला माणूस. प्लॅस्टिकच्या कपातले गहू तो असे सावकाश खात होता की जणू एकेक दाणा मोजून घेतोय.

कंडक्टर स्पासने वेलिनला पाहिलं. स्पास म्हातारा होता, वेलिनला त्याने चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे भीडभाड ठेवायचा प्रश्नच नव्हता.

"ये रे लेका, ये. एक चमचा घे."

"स्पासकाका, आपल्याला उशीर होतोय. उद्यानात वेळेवर पोचलो नाही तर मला तळ्यावर नेता येणार नाही यांना."

"तळं कुठे पळून जात नाही."

"गाडी हलवा म्हणतोय मी! ही गाडी काय त्याच्या बापाची आहे?"

"त्याच्या नाही," स्पास म्हणाला. "तुझ्या."

फायरमनला हसू फुटलं. ड्रायव्हरने त्याच्याकडे रोखून पाहिलं तेव्हा त्याने तोंड कपात घातलं. पेना हसली नाही. तिने एक कप भरला, त्यात चमचा खोचला आणि हात लांब करून उभी राहिली. सगळे वेलिनकडे पाहत होते, बळीच्या बोकडाकडे पाहावं तसे. त्याने वळून डब्याची पायरी गाठली.

"आज नाही म्हटलंस तर पुन्हा उपयोग नाही रे," पेना मागून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एवढ्या जणांनी म्हटलं. सगळ्यांचं मिळूनही मुलाचं एक होत नाही."

"मग त्याने मुलाचा विचार आधी करायचा होता."

उतारावर गाई आडव्या आल्या. वेलिनला त्याचंही नवल वाटलं नाही. मेल्यावरही हा माणूस आपल्याला लेट करतोय, असं वाटून त्याने खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटली आणि बोटं दुखावून घेतली.

बान्स्कोला पोचले तेव्हा छोट्या बसचा ड्रायव्हर स्टेशनबाहेर सिगारेटी फुंकत फेऱ्या मारत होता. तळ्यावर जाऊन अंधाराआधी उतरणं आता शक्य नव्हतं. जेवायलाही वेळ उरला नव्हता. वेलिनने पाहुण्यांना गोळा करून सांगितलं की तळं रद्द, फक्त जुनं झाड पाहायचं. लाल टोपीवाल्या एका गृहस्थाने खिशातून जाहिरातीचं पान काढलं आणि त्यावरच्या निळ्या तळ्यावर बोट ठेवलं. वेलिनने माफी मागितली. मग त्या गृहस्थाच्या बायकोने बोट ठेवलं. वेलिनने पुन्हा माफी मागितली. सकाळपासून तो कोणाची ना कोणाची माफीच मागत होता, आणि त्यातली एकही चूक त्याची नव्हती.

बसमध्ये चढला तर पुढच्याच सीटवर पेना, मांडीवर पातेलं.

"तुम्ही इथेच थांबा. वर चढ आहे. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"दुखतात."

"मग?"

"तिकिटात झाड आहे," पेना म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

ते झाड रस्त्याच्या जवळच आहे, म्हटलं तर काही पावलांवर. पाइनच, पण इतकं जुनं की आजूबाजूची झाडं त्याच्यापुढे कालची पोरं वाटावीत. तेराशे वर्षांचं म्हणतात. बुंध्याभोवती लाकडी कठडा आहे. वेलिनने पाहुण्यांना कठड्याशी उभं केलं आणि नियम सांगितले. वाट सोडायची नाही. काही तोडायचं नाही. काही टाकायचं नाही, कागद नाही, साल नाही. मग तेच त्याने आपल्या भाषेत म्हटलं, एकट्या पेनासाठी.

"गव्हाचा दाणाही नाही."

"जमिनीवर कशाला टाकू?" पेना म्हणाली. "माणसं आहेत की."

"माणसांनाही नाही."

"असा नियम आहे?"

नियम नव्हता. रादोस्लाव मध्येच म्हणाला की नाही, असा नियम नाही, त्याने फलक वाचलाय. वेलिनला त्याला कॅमेऱ्यासकट कठड्यापलीकडे फेकावंसं वाटलं. तोवर पेना बाकावर बसली होती, टॉवेल पसरला होता, आणि कप भरायला लागली होती. सकाळपासून उपाशी असलेली झेक मंडळी झाडाऐवजी पातेल्याकडे पाहत होती.

बोजेना पुढे झाली. पेनाने कप दिला. बोजेनाने तो दोन्ही हातांत घेतला, वास घेतला, चेहरा उजळला आणि तिने तोंडभर आभार मानले.

पेनाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"नाही! आभार नाही! सांग तिला वेलिन, आभार नाही मानायचे!"

आभाराचा तो झेक शब्द सकाळपासून कानांवर पडून तिला पाठ झाला होता. बोजेना मात्र घाबरून गेली. कप परत द्यावा की धरून ठेवावा हे तिला कळेना. आपण काय वेडंवाकडं केलं म्हणून ती वेलिनच्या तोंडाकडे पाहायला लागली, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. लाल टोपीवाले गृहस्थ पुढे सरसावले. आता ही सहल भांडणावर संपणार, हे वेलिनला स्पष्ट दिसलं.

"काही चुकलं नाही तुमचं," तो झेकमध्ये म्हणाला. "हे मेलेल्या माणसाच्या नावाने देतात. आभार मानले तर ते देणाऱ्याशीच थांबतं, त्याच्यापर्यंत जात नाही, असं आमच्याकडे समजतात. तुम्ही फक्त देव क्षमा करो म्हणायचं. आमच्या भाषेत."

"कसं?"

"देव क्षमा करो."

"देव शमा करो."

"क्षमा. क्ष."

"देव शमा."

वेलिनची ही दुखरी नस होती. झेक देशात गेला तेव्हा तिथल्या मुकादमाने त्याला एकेक शब्द घोटून घोटून म्हणायला लावला होता आणि चुकला की सगळे हसायचे. तेव्हापासून अर्धवट उच्चार ऐकला की त्याला राहवत नसे. सकाळपासून एकही गोष्ट धड झाली नव्हती. निदान ही तरी धड व्हावी.

"नीट ऐका," तो म्हणाला. "देव. क्षमा. करो."

बोजेनाने म्हटलं. बरं म्हटलं. तिने चमचाभर गहू तोंडात टाकले आणि डोळे मिटले. मग बाकीचे रांगेला आले. पेना कप भरायची, माणूस कप घ्यायचा आणि वेलिनकडे वळायचा, आणि वेलिन म्हणून दाखवायचा. लाल टोपीवाल्यांना तर पाचदा म्हणून दाखवलं, कारण त्यांना प्रत्येक वेळी शेवटी काहीतरी जोडायचं होतं.

"पण कोणाला?" बोजेनाने घास गिळून विचारलं. "कोणाला क्षमा? नाव नाही घ्यायचं?"

"घेतात. आधी नाव घेतात."

"मग नाव सांगा ना. नाहीतर देवाला कसं कळणार?"

सगळे थांबले. जिज्ञासू माणसं होती बिचारी, रीत पूर्ण करायची होती त्यांना. रादोस्लावने तोंड उघडलं, पण पेनाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"त्रायको," वेलिन म्हणाला. "त्रायकोला देव क्षमा करो."

"त्रायकोला देव क्षमा करो," झेक मंडळी एका सुरात म्हणाली.

"त्रायकोला. शेवटचा ला नीट. त्रायकोला देव क्षमा करो."

"त्रायकोला देव क्षमा करो."

या खेपेला चोख झालं. वेलिनने समाधानाने मान हलवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने सांगितलेलं कोणीतरी जसंच्या तसं केलं होतं.

तेवढ्यात पातेल्यावर झाकण बसल्याचा आवाज आला. पेना टॉवेल गुंडाळत होती. तळाशी गहू उरले होते, ते तिने कोणाला विचारले नाहीत. तिने डोळे रुमालाच्या टोकाने पुसले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"म्हटलंस की तू. मोजले नाहीत मी, पण पुष्कळदा म्हटलंस."

वेलिनला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि कानशिलं तापली.

"मी त्यांना शिकवत होतो. ते धरायचं नाही."

"बरं."

"बरं काय? मी मनापासून नाही म्हटलेलं. मी एक दाणा खाल्ला नाही. ते धरायचं नाही, सांगतोय ना!"

"मला काय सांगतोस?" पेना म्हणाली. तिच्या बोलण्यात ना टोमणा होता ना विजय, नुसता दमलेपणा होता. "मी कोण लागते तुमच्या दोघांच्या मधली? त्याला सांग. आजचा दिवस तो अजून इथे आहे. म्हण, मी म्हटलं ते धरू नका. ऐकेल तो. तुझं सगळं ऐकून घ्यायचा त्याचा विचार होता, धीरच झाला नाही."

ती बसकडे चालायला लागली, पाय ओढत. रादोस्लावने पुढे होऊन पातेलं तिच्या हातातून घेतलं.

वेलिन कठड्याशी उभा राहिला. सांगायचंच होतं. का नाही सांगायचं? इतकी वर्षं साठवलेलं होतं, पीचच्या पिशवीसकट, खिडकीसकट, सगळं ओळीने लावून ठेवलेलं. आपल्याकडून असं फसवून वदवून घेतलेलं तो खपवून घेणार नव्हता. त्याने मोठा श्वास घेतला. मग त्याच्या लक्षात आलं की सांगायचं तर आधी हाक मारायला हवी. त्रायको म्हणून ती मारता येईना. ते नाव लोकांपुढे घ्यायचं होतं, त्याच्या तोंडावर त्याला त्या नावाने कधी हाक मारलेली नव्हती. दुसरा शब्द होता तो शाळेत असताना वापरलेला, आणि त्याला वाटत होतं की आपण तो एव्हाना विसरलो असू.

"बाबा," वेलिन म्हणाला.

पुढचं वाक्य येईना. त्याने ओठ ओले केले आणि पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"बाबा."

मागे झेक पाहुणे हातात रिकामे कप धरून अजून उभेच होते. धडा संपला असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बोजेनाने लाल टोपीवाल्यांना कोपराने ढोसलं, आणि त्या सगळ्यांनी मिळून, जमेल तितकं नीट, म्हटलं,

"बाबा."

वेलिनने त्यांना थांबवलं नाही.